चूक भोपळ्यावर व्हावी

खोटे काम करून खरे काम शिकण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. मुलांची लढाई लुटुपुटूची असते, नाटकाची रंगीत तालीम होते, मैदानावर कवायत होते. विधी महाविद्यालयात अभिरूप न्यायालय भरते आणि मतदानाच्या दिवशी पहिला मतदार आत येण्यापूर्वी केंद्रावर अभिरूप मतदान होते. अलीकडे या यादीत ‘सिम्युलेशन’ हा शब्द येऊन बसला आहे. ऑनलाइन अभ्यासक्रम, रुग्णालये, विमान कंपन्या, कारखाने, सरकारी खाती, जिथे प्रशिक्षण आहे तिथे तो ऐकू येतो. पडद्यावर यंत्र दिसते, रुग्ण दिसतो, प्रयोगशाळा दिसते आणि शिकणारा बोटाने ती हाताळतो.

शब्द नवा, पण युक्ती फार जुनी आहे. तिचा इतिहास शोधताना मी एकच प्रश्न हाती धरला. शिकणाऱ्याच्या हातून चूक होणार, हे ठरलेले असते. मग ती चूक कोणाच्या अंगावर पडते? नवा न्हावी पहिला वस्तरा कोणाच्या गालावर चालवतो, नवी सुईण पहिले बाळंतपण कोणाच्या घरात करते, नवा डॉक्टर पहिली सुई कोणाच्या शिरेत शोधतो? ज्याला ‘मला मोठ्या डॉक्टरकडेच दाखवा’ असे म्हणता येत नाही, त्याच्याच अंगावर शिकाऊ हात फिरतो. मी रनाळ्याला राहतो. नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. इतिहासाचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. शेतीतून उरलेल्या वेळात वाचत गेलो आणि जे जुळत गेले ते येथे मांडतो आहे.

योग्या

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाने ओळखला जातो. योग्या म्हणजे प्रत्यक्ष शस्त्रकर्मापूर्वी करायचा सराव. शिष्याने सगळे शास्त्र ऐकले असले, पाठ केले असले, तरी त्याच्याकडून योग्या करून घ्यावी, नाहीतर तो कामाला अपात्र राहतो, असा या अध्यायाचा रोख आहे. पुढे कोणते कर्म कशावर शिकायचे याची यादी येते. ती वाचताना आपण एखाद्या बाजारातून फिरतो आहोत असे वाटते.

कापणे शिकायचे ते कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. फोडणे शिकायचे ते पाणी किंवा चिखल भरलेल्या चामडी पिशवीवर आणि जनावराच्या मूत्राशयावर. खरवडण्यासाठी केस असलेले ताणलेले कातडे. शीर वेधण्यासाठी मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. जखमेत सळई घालून वाट शोधण्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड. रुतलेली वस्तू बाहेर काढण्यासाठी फणस आणि बेलफळाचा गर, तसेच मेलेल्या जनावराचे दात. टाके घालण्यासाठी घट्ट विणीचे कापड आणि मऊ चामडे. डाग देण्यासाठी मांसाचे मऊ तुकडे. बस्तीची नळी बसवण्यासाठी पाण्याने भरलेल्या घड्याचे भोक. आणि पट्ट्या बांधायला शिकण्यासाठी हातपाय असलेला माणसाचा पुतळा.

या यादीत माणसासारखी दिसणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे शेवटचा पुतळा. पट्टी बांधताना खांदा, कोपर, गुडघा यांचा आकार महत्त्वाचा असतो, म्हणून तिथे माणसाचा आकार हवा. बाकी कुठेही दिसण्याची पर्वा केलेली नाही. भोपळा माणसाच्या पोटासारखा दिसत नाही, पण वरची साल चिरताना पाते किती दाबायचे आणि आतला मऊ गर लागताच हात कुठे आवरायचा, हे तो शिकवतो. कमळाचा देठ शिरेसारखा बोटाखालून निसटतो. ज्याने कोणी ही यादी केली त्याने प्रत्येक कर्मातली नेमकी अवघड जागा ओळखली होती आणि तीच अवघड जागा असलेली स्वस्त वस्तू शोधली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर नक्कल रूपाची केलेली नाही, अडचणीची केली आहे. ही कसोटी आपण पुढे बरोबर घेऊन जाऊ.

खांबाशी कुस्ती

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतले आहे. मल्लखांब आज आपण कसरतीचा खेळ म्हणून पाहतो, पण त्याचे नावच सांगते की तो मल्लाचा खांब आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात पैलवानांच्या खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख आहे. नंतर विस्मरणात गेलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुन्हा उभी केली. निजामाच्या दरबारातून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांना तोंड देण्यासाठी बाळंभटदादा सप्तशृंग गडावर जाऊन बसले आणि तिथे त्यांना मारुतीकडून खांबावरचे डाव मिळाले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी विद्येमागचा विचार स्पष्ट दिसतो. पकड, तिढा, मांडीची आवळण हे सारे जोडीदारावर शंभर वेळा करू गेले तर जोडीदाराचे हाड मोडेल. म्हणून खाली जाड, वर निमुळता, मान आणि बोंड असलेला, एरंडेल चोळलेला लाकडी गडी उभा केला. घामेजलेल्या अंगावरून हात सटकतो तसा तो त्या तेलावरून सटकतो. इथेही नक्कल अडचणीचीच आहे.

मात्र खांब उलटा डाव टाकत नाही. खांबाला राग येत नाही, तो दमत नाही, फसवत नाही. म्हणून खांबावर तयार झालेल्या मल्लाला शेवटी हौद्यात उतरावे लागे. प्रत्येक नकलेत काहीतरी गाळलेले असते. काय गाळले आहे याचे भान उस्तादाला असले की ते गाळणे चालते. पुढच्या काळात कुस्ती एकीकडे राहिली आणि खांबावरची कसरत हीच स्वतंत्र कला झाली. खेळाच्या बाबतीत हे भाग्याचे ठरले, कारण एका साधनातून आपल्याला देखणी विद्या मिळाली. प्रशिक्षणात तसेच झाले तर मात्र घात होतो. सरावातच तरबेज झालेला माणूस प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो आणि खरी कुस्ती त्याने कधी पाहिलेली नसते.

कापडाची आई, पाण्याचे बाळ

अठराव्या शतकात फ्रान्सच्या खेड्यांत बाळंतपणात आया आणि मुले मोठ्या संख्येने दगावत होती. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने मादाम दु कुद्रे या अनुभवी सुईणीला गावोगाव फिरून शिकवण्याची कामगिरी दिली. तिच्यासमोर बसणाऱ्या बऱ्याच बायकांना वाचता येत नव्हते. तिने कापड, चामडे आणि भरण वापरून बाळंतिणीच्या कमरेचा भाग शिवला आणि सोबत कापडाचे बाळ केले. बाळ आडवे असेल, पायाळू असेल, तर हात कसा घालायचा आणि कसे वळवायचे हे तिने त्या कापडावर हजारो बायकांकडून करून घेतले. पंचवीसेक वर्षे तिची ही भटकंती चालली. तिच्या पद्धतीची एक कापडी आकृती रुआं शहरातल्या संग्रहालयात आजही जपून ठेवली आहे.

‘सिम्युलेटर’ हा शब्द रूढ केला तो वैमानिकांच्या शिक्षणाने. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या घरातल्या एडविन लिंकने १९२९ मध्ये ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून एका जागी उभे राहून कलणारे, वळणारे, डुलणारे छोटे विमान तयार केले. आरंभी ते जत्रेतल्या करमणुकीसाठी विकले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले, आणि धुके, वादळ, अंधार यांत उपकरणांवर विसंबून उडण्याची सवय नसलेले डझनभर वैमानिक काही आठवड्यांत मेले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. वैमानिक चुकला तर तो स्वतःही मरतो, आणि विमान महाग असते. दुसरीकडे बाळंतिणीच्या मृत्यूला कोणी हिशेबात धरत नव्हते. म्हणूनच असावे, दु कुद्रेचे कापड विस्मरणात गेले आणि लिंकचे यंत्र पुढच्या महायुद्धात लाखो वैमानिकांच्या शिक्षणाचा भाग झाले.

वैद्यकाला ही युक्ती पुन्हा मिळाली ती एका खेळणीवाल्याकडून. नॉर्वेतल्या आस्मुंड लार्डाल यांनी १९६० मध्ये, बंद पडलेला श्वास तोंडाने फुंकून सुरू करण्याच्या सरावासाठी, ‘ॲन’ ही बाहुली बनवली. पन्नास वर्षांनी, २०१० च्या सुमारास, त्यांच्याच कंपनीने गरीब देशांतल्या सुईणी आणि परिचारिकांसाठी नवजात बाळाची एक साधी बाहुली काढली. तिच्या पोटात कोमट पाणी भरले की ती दोन किलोच्या बाळाइतकी जड आणि लुळी होते. बाजूचे रबरी फुगे दाबून शिकवणारी तिला श्वास देते, रडवते किंवा गप्प ठेवते. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात काय करायचे ते तिच्यावर शिकतात. सुश्रुताच्या यादीतली पाणी भरलेली चामडी पिशवी आठवून मी हे वर्णन दोनदा वाचले. कोणी कोणाचे उचललेले नाही. अडचण तीच होती, म्हणून उत्तरही तेच सापडले.

आपल्या राज्यात या उत्तराचे मोल किती, हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. घरात जन्मलेल्या बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे त्या शिकल्या. ३९ गावांत हे काम झाले आणि त्या काळात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या घरोघरच्या नवजात सेवेचा पाया याच कामाने घातला. या यशाला कारणे अनेक होती, पण एक मला महत्त्वाचे वाटते. हाताने करायचे काम त्यांच्या हातांना पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावले गेले. चौथी शिकलेली बाई ते करू शकते, कारण योग्या अक्षरांवर अवलंबून नसते.

काळे पाकीट

नंदुरबार जिल्ह्यातल्या बहुतेक सरकारी नोकरांना ‘अभिरूप’ हा शब्द ठाऊक असतो तो निवडणुकीमुळे. राज्यातल्या विधानसभा मतदारसंघांची मोजणी आमच्या अक्कलकुवा मतदारसंघापासून सुरू होते आणि नर्मदाकाठचे मणिबेली हे राज्यातले एक क्रमांकाचे मतदान केंद्र. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, लिपिक यांना आधी प्रशिक्षणाला बोलावतात आणि नंतर यंत्रे घेऊन डोंगरात पाठवतात. प्रशिक्षणाच्या सभागृहात यंत्रे थोडी आणि माणसे फार, त्यामुळे पुढच्या रांगेतले चार जण बटण दाबतात, बाकीचे बघतात. बघणे म्हणजे योग्या नाही. भोपळा एक आणि शिष्य चाळीस, असे सुश्रुताने कुठे सुचवलेले नाही.

पण खुद्द मतदानाच्या सकाळी जे होते ते मात्र शिकण्यासारखे आहे. मतदान प्रतिनिधी म्हणून मी ते जवळून पाहिले आहे. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर निदान पन्नास खोटी मते टाकतात. ती मोजतात, कागदी चिठ्ठ्यांशी ताडून पाहतात, मग यंत्रातली ती मते पुसून टाकतात. यंत्रात शून्य आहे हे सगळ्यांना दाखवतात. चिठ्ठ्यांवर अभिरूप मतदानाचा शिक्का मारून त्या काळ्या जाड कागदाच्या पाकिटात मोहोरबंद करतात आणि केंद्राध्यक्ष तसे लिहून सही करतो. खोटे आणि खरे यांच्यामध्ये इतकी ठळक रेघ ओढलेली मी दुसऱ्या कोणत्याच प्रशिक्षणात पाहिली नाही. ही रेघ राहिली नाही तर खोट्या मतांचा भार खऱ्या मतांवर पडतो, आणि तो डोंगर उतरून दोन-तीन तास चालत आलेल्या मतदाराच्या अंगावर पडतो.

पडद्यावरचा सराव

आता ऑनलाइन शिक्षणाकडे येऊ. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक नेला. त्या काळी कितीतरी जणांचा हात माउसवर बसला तो पडद्यावरच्या पत्त्यांच्या डावाने, आणि तोही एक सरावच होता. २००९ मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञानाधारित शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेतून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ हा प्रकल्प आला. त्यात मुंबईची आयआयटी आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय सहभागी आहेत. शाळांसाठी अमृता विद्यापीठ आणि मुंबईचे सी-डॅक यांनी नववी ते बारावीचे प्रयोग ‘ओलॅब्ज’ या नावाने संगणकावर आणले आणि त्यांतले काही मराठीतही केले. ज्या शाळेत ब्युरेट फुटके आहे आणि आम्ल जपून वापरावे लागते, तिथल्या मुलीला पडद्यावर आम्ल थेंबथेंब सोडता येते. एक थेंब जास्त पडला तर पुन्हा पहिल्यापासून करता येते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना तर दुसरा मार्गच नव्हता. या सोयीला नावे ठेवणे मला पटत नाही.

पण सगळे धडे असे नसतात. माझी भाची नर्सिंग शिकते. तिने मोबाइलवरचा एक धडा मला दाखवला. पडद्यावरच्या रुग्णाला सलाइन लावायचे होते. तिने मुद्दाम चुकीची सुई निवडली, तर धडा पुढे सरकेना. बरोबर सुईभोवती हिरवी चौकट लुकलुकत राहिली आणि तिच्यावर बोट ठेवल्यावरच पुढची पायरी उघडली. शेवटी शंभरपैकी शंभर गुण आणि प्रमाणपत्र. ती म्हणाली, “मामा, यात चुकताच येत नाही.”

मला वाटते, ऑनलाइन प्रशिक्षणाची सगळी परीक्षा त्या एका वाक्यात आहे. ज्या नकलेत चुकता येत नाही ती नक्कल चूक मिटवत नाही, फक्त पुढे ढकलते. ती चूक मग वॉर्डात होते, एखाद्या म्हातारीच्या हातावर. कोहळा चुकीचा चिरला की शिष्याला ते दिसते. पाण्याच्या बाळाला नीट हवा दिली नाही तर त्याची छाती वर येत नाही. लिंकच्या यंत्रात वैमानिकाने वाट चुकवली की शिक्षकाच्या टेबलावरच्या नकाशावर रेघ भलतीकडे गेलेली उमटते. हिरव्या चौकटीत मात्र काहीच उमटत नाही. पडदा निर्णयाचा सराव चांगला देऊ शकतो, म्हणजे आधी काय करायचे, नंतर काय, रुग्ण बिघडला तर कोणाला बोलवायचे. बोटाखालची शीर तो देऊ शकत नाही. दोन्हींची गल्लत केली की प्रमाणपत्र हेच साध्य होते, आणि खांबावरची कसरत कुस्ती म्हणून खपते.

आमच्या जिल्ह्यापुरते

नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा, म्हणजे पुतळे आणि बाहुल्यांवर सराव करण्याची जागा, सक्तीची केली. सुश्रुताची योग्या अशी दोन हजार वर्षांनी नियमांत आली म्हणायला हरकत नाही. आता इथे शिकणाऱ्या शेकडो मुलामुलींचे पहिले रुग्ण आमचेच लोक असणार आहेत, धडगाव, तळोदा, अक्कलकुव्याहून आलेले. त्यांतल्या कितीतरी जणांना मराठीत दुखणे सांगता येत नाही. ते भिलीत सांगतात, पावरीत सांगतात, मावचीत सांगतात. आमच्या बाजूची म्हातारी माणसे अहिराणीत सांगतात.

बाहुली यांतले काहीच बोलत नाही. ते तिच्यातून गाळलेले आहे, आणि आमच्या जिल्ह्यात नेमकी तीच अवघड जागा आहे. यावरही उपाय जुना आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी निरोगी माणसांना रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवले. अभिरूप रुग्ण म्हणू या त्यांना. आज जगभर वैद्यकीय परीक्षा अशा रुग्णांवर घेतात. आमच्याकडे त्यासाठी नट शोधायची गरज नाही. पावरी बोलणारी आशा कार्यकर्ती, बाळंतपणे केलेली जुनी दाई, वर्षानुवर्षे रुग्णांचे बोलणे डॉक्टरला समजावून सांगणारा दवाखान्यातला शिपाई, हे सगळे जिल्ह्यात आहेत. त्यांना मानधन देऊन महिन्यातून दोन दिवस कौशल्य प्रयोगशाळेत बसवावे. विद्यार्थ्याने त्यांना प्रश्न विचारावेत, अडखळावे, चुकीचे समजावे, आणि त्या बाईने तिथेच त्याला सांगावे की पोरा, मी पोटाबद्दल बोलत नव्हते. त्याची नोंद व्हावी, आणि मग त्याने वॉर्डात जावे.

याला लागणारा खर्च एका चांगल्या पुतळ्यापेक्षा कमीच असेल. महाविद्यालयाची पहिली तुकडी शिकून बाहेर पडू लागली आहे, तिच्या मागून दर वर्षी दुसरी येणार आहे. हे काम आता सुरू केले तर त्या मुलांच्या पहिल्या चुका तरी डोंगरातून आलेल्या माणसाच्या अंगावर होणार नाहीत.